कोर्टाचा दंड थकला तर: वॉरंट, जप्ती, बोजा आणि कैदेचा हिशेब

फौजदारी निकालाच्या शेवटी एक ओळ असते: ‘आरोपीने रु. ५,००० दंड भरावा. न भरल्यास आणखी १५ दिवस साधी कैद भोगावी.’ ती वाचून बहुतेकांना वाटतं की दोनांतलं एक निवडायचं आहे, पैसे किंवा तुरुंग. कायद्यात अशी निवड कुठेही दिलेली नाही. शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की ही कैद मूळ शिक्षेचा भाग नाही, दंड चुकवल्याचा तो परिणाम आहे. त्यामुळे कैद भोगूनही घरावर जप्ती येऊ शकते, आणि घरी बसून राहिलं तरी सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो.

खालची माहिती दोघांसाठी आहे: ज्याला दंड भरायचा आहे त्याच्यासाठी, आणि त्या रकमेतून ज्याला भरपाई मिळायची आहे त्या फिर्यादीसाठी.

कलमांबद्दल एकदाच सांगून टाकू. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. दंडवसुलीचं जुनं कलम ४२१ आता ४६१ आहे, हप्त्यांचं ४२४ आता ४६४, भरपाईचं ३५७ आता ३९५, आणि इतर रकमा दंडासारख्या वसूल करण्याचं ४३१ आता ४७१. दंड संहितेतली कलमं ६३ ते ७० न्याय संहितेच्या एकट्या कलम ८ मध्ये एकत्र केली आहेत. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर शिक्षेला जुनीच दंड संहिता लागते, म्हणून अर्जात कलम लिहिताना आधी गुन्ह्याची तारीख बघा. दंड दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली झाला असेल आणि त्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २५ मुळे हेच नियम लागू होतात.

आधी निकालाची नक्कल हातात घ्या

तोंडी ऐकलेल्यावर विसंबू नका. सही-शिक्क्याच्या नकलेत पाच गोष्टी शोधा: दंडाची रक्कम, तो किती गुन्ह्यांसाठी स्वतंत्रपणे लावला आहे, न भरल्यास कैद किती आणि साधी की सक्त, दंडाशिवाय मूळ कैदही आहे का, आणि दंडातून फिर्यादीला भरपाई देण्याचा आदेश आहे का. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो आणि पुढे सर्वांत महागात पडतो.

न भरल्याच्या कैदेलाही मर्यादा आहे. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्हींची तरतूद असेल, तर त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या चौथ्या हिश्शापेक्षा ती जास्त असू शकत नाही. कमाल ३ वर्षांचा गुन्हा असेल तर ९ महिने. गुन्ह्याला फक्त दंडच असेल तर न्याय संहितेनुसार ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला २ महिने, १०,००० पर्यंत ४ महिने आणि त्यापुढे १ वर्ष ही कमाल मर्यादा आहे, आणि ती कैद साधीच असते. जुन्या दंड संहितेत हेच टप्पे ५० आणि १०० रुपयांवर होते आणि कमाल मर्यादा ६ महिने होती. निकालात यापेक्षा जास्त दिवस दिसले तर तो अपिलातला सरळ मुद्दा आहे.

प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला आता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. आधी ही मर्यादा १०,००० होती. धनादेश न वटल्याच्या खटल्यात मात्र ही मर्यादा आड येत नाही, तिथे धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो.

भरायचा असेल तर

निकालाच्या दिवशी पैसे बरोबर असू द्या. रक्कम ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच, त्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे किंवा नाझर विभागात (कोर्टाचा पैशांचा हिशेब ठेवणारा विभाग) जमा होते. ई-कोर्ट्सच्या ऑनलाइन पेमेंटमध्ये दंडाचा पर्याय आहे. त्यासाठी सीएनआर क्रमांक, म्हणजे अक्षरं आणि अंक मिळून १६ खुणांचा प्रकरणाचा ओळख क्रमांक, जवळ ठेवा. पैसे कुठेही भरले तरी पावतीवर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: केस क्रमांक (आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला की एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला यासकट), आरोपीचं नाव आणि रक्कम. आरोपी तिघे असतील आणि पैसे एकाने एकगठ्ठा भरले असतील, तर पावतीवर कोणाचे किती हे लिहून घ्या. नाहीतर एकाच्या नावावर सगळी रक्कम जमा होते आणि बाकी दोघांवर वॉरंट निघतं. वकिलाच्या कारकुनाकडे पैसे दिले म्हणजे दंड भरला असं होत नाही. भरल्याचा पुरावा फक्त पावती.

पैसे नसतील तर कलम ४६४ आहे, पण त्याची चौकट अरुंद आहे. शिक्षा फक्त दंडाची असेल आणि न भरल्यास कैद सांगितली असेल, तर कोर्ट पूर्ण रकमेसाठी ३० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत, पुढचे ३०-३० दिवसांच्या अंतराच्या आत. म्हणजे फार तर ९० दिवस. ‘सहा महिने द्या, साहेब’ अशी विनंती या कलमात बसतच नाही, आणि तशी केल्याने मिळू शकणारे ९० दिवसही हातचे जातात. अर्ज निकाल लागताच, त्याच बैठकीत द्या. अर्जात मासिक उत्पन्न, घरात कमावते किती, आणि कोणत्या तारखेला किती भरणार हे आकड्यांत लिहा. कोर्ट मुचलका घेतं, हवा असेल तर जामीनदारही मागतं, आणि त्या तारखांना हजर राहायला सांगतं. पैसे जुळले नाहीत तरी तारखेला हजर राहा. शेवटच्या तारखेपर्यंत रक्कम आली नाही तर कोर्ट कैद लगेच अमलात आणायला सांगू शकतं, आणि गैरहजर माणसाला आणखी सवलत मागायला तोंड उरत नाही.

मूळ शिक्षेत कैदही असेल तर ४६४ चा हप्ता मागता येत नाही. तिथे अपील करून शिक्षेला स्थगिती मागणं हा मार्ग आहे. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. स्थगितीच्या अर्जात ‘कैद व दंड दोन्हींना स्थगिती द्यावी’ असं स्पष्ट लिहा. आदेशात फक्त कैदेला स्थगिती मिळाली असेल तर दंडाची वसुली चालूच राहते, आणि हे कळतं ते घरी वॉरंट आल्यावर.

कैदेचा हिशेब

अर्धा दंड भरला की कैदही त्या प्रमाणात कमी होते. समजा दंड ६,००० आणि न भरल्यास ६० दिवस कैद. म्हणजे दिवसाला १०० रुपये. माणूस २० दिवस आत राहिला आणि घरच्यांनी ४,००० भरले, तर त्या क्षणी सुटका व्हायला हवी, कारण उरलेल्या २,००० चे २० दिवस भोगून झाले आहेत. पूर्ण दंड भरला तर कैद तिथेच संपते, मग ती पहिल्या दिवशी असो वा एकोणसाठाव्या. पैसे कोर्टात भरत असाल तर तुरुंगाला द्यायचं कोर्टाचं पत्र त्याच दिवशी मागून घ्या. तुरुंगाच्या फाटकावर नुसती पावती दाखवून उपयोग होईलच असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी भरलेले पैसे सोमवारी तुरुंगात कळले तर मधले दोन दिवस परत मिळत नाहीत.

दोन ठिकाणी नातेवाइकांचा हिशेब हमखास चुकतो. कच्च्या कैदेत (निकालाआधी तुरुंगात) काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, पण कलम ४६८ (जुनं ४२८) नुसार दंड न भरल्याच्या कैदेतून ते वजा होत नाहीत. माणूस १४ महिने कच्च्या कैदेत होता, शिक्षा लागली १ वर्ष आणि ५,००० दंड, न भरल्यास २ महिने. घरचे म्हणतात, दोन महिने तर जास्तच काढलेत, आज सुटणार. सुटत नाही, ५,००० भरले तरच सुटतो. दुसरी चूक अशी की अनेक गुन्ह्यांच्या मूळ शिक्षा एकत्र भोगायच्या असल्या तरी दंड न भरल्याच्या कैदा एकत्र चालत नाहीत, एकामागून एक भोगाव्या लागतात. शरद हिरू कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पाच कलमांखाली प्रत्येकी एक महिना असेल तर पाच महिने धरून चला. सगळे भरायला पैसे पुरत नसतील, तर ज्या कलमात कमी रुपयांत जास्त दिवस वाचतात तो दंड आधी भरा आणि पावतीवर ते कलम लिहून घ्या.

खरोखरच ऐपत नसलेल्या कैद्यासाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची गरीब कैद्यांना मदतीची योजना आहे. दंड न भरल्यामुळे सुटका अडली असेल तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, कैद्याची आर्थिक स्थिती तपासायची, आणि जिल्हा समितीने २५,००० रुपयांपर्यंतची रक्कम मंजूर करायची, असा तिचा क्रम आहे. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार, यूएपीए अशा गुन्ह्यांना ती लागू नाही. ही फाईल आपोआप हलेल अशा भरवशावर राहू नका. नातेवाइकांनी प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. ही कार्यालयं बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतात.

कोर्ट वसुली कशी करतं

कलम ४६१ मध्ये दोन वाटा आहेत आणि कोर्ट एक किंवा दोन्ही वापरू शकतं.

पहिली वाट जंगम मालमत्तेच्या जप्ती-विक्रीच्या वॉरंटची. हे वॉरंट घेऊन येणारे साधारणपणे पोलीस असतात. त्यावर आरोपीची दुचाकी, टीव्ही, दुकानातला माल जप्त होऊ शकतो; घर, गाळा किंवा जमीन मात्र या वॉरंटवर जप्त करता येत नाही. कोणी ‘घराला सील ठोकतो’ म्हणालं तर वॉरंटची प्रत मागा आणि त्यावर ‘जंगम’ लिहिलंय का ते पाहा. मालमत्ता कोर्टाच्या हद्दीबाहेर असेल तर तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची वॉरंटवर नोंद लागते. ती नसेल तर जप्तीच बेकायदा ठरते.

जप्ती फक्त आरोपीच्या मालकीच्या वस्तूंची होते. भावाच्या नावावरची मोटारसायकल किंवा बायकोचे दागिने नेले जात असतील तर वाद घालत बसू नका. पंचनाम्यात ‘ही वस्तू अमुकच्या मालकीची असल्याचे सांगितले’ असं लिहायला लावा, पंचनाम्याची प्रत घ्या आणि मालकाने आरसी बुक, बिल, हप्त्याचं स्टेटमेंट जोडून त्याच कोर्टात ताबडतोब हरकत अर्ज द्यावा. लिलाव झाल्यावर आलेल्या हरकतीला फार किंमत राहत नाही.

दुसरी वाट जिल्हाधिकाऱ्याकडून जाते. कोर्ट जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल होते. आपल्याकडे त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागते. कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदाराकडे, तिथून मंडळ अधिकारी आणि तलाठ्याकडे (म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) येतो. आधी कलम १७८ ची मागणी नोटीस, मग कलम १८० खाली जंगम आणि १८१ खाली स्थावर मालमत्तेची जप्ती-विक्री. प्रत्यक्ष लिलावाच्या खूप आधी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो, आणि तेवढ्याने काम होतं: बोजा दिसला की बँक पीककर्जाला हात आखडता घेते, जमिनीचा गिऱ्हाईक मागे फिरतो, आणि दोन वर्षं न निघालेले पैसे आठवड्यात निघतात.

या वाटेत एक महत्त्वाचं संरक्षण आहे. महसूल संहितेत थकबाकीदाराला अटक करून स्थानबद्ध करण्याचीही तरतूद आहे, पण कलम ४६१ चा परंतुक (कलमाला जोडलेली अट) सांगतो की फौजदारी दंडाचं वॉरंट अटक किंवा स्थानबद्धतेने अमलात आणता येणार नाही. छापील नोटिशीत ‘अटक’ हा शब्द असला तरी तहसीलदाराला दंडासाठी तो वापरता येत नाही. असा प्रसंग आला तर परंतुकाचा उल्लेख करून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

कैद पूर्ण भोगून झाली असेल तर? मग कोर्टाला वॉरंट काढायचं असल्यास विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात. अपवाद एकच, पण मोठा: दंडातून भरपाई किंवा खर्च देण्याचा आदेश असेल तर ही अट नाही. कुमारन विरुद्ध केरळ राज्य (२०१७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: कैद भोगली म्हणून फिर्यादीची भरपाई बुडत नाही.

मुदत ६ वर्षांची, शिक्षा सुनावल्याच्या तारखेपासून. मूळ कैद ६ वर्षांहून जास्त असेल तर ती कैद संपेपर्यंत. आरोपी वारला तर वारसांवर वैयक्तिक जबाबदारी येत नाही, पण त्याने मागे ठेवलेली मालमत्ता कर्जाला जशी जबाबदार असते तशी दंडालाही राहते.

फिर्यादीने पैसे कसे मिळवायचे

कोर्टाने भरपाईचा आदेश दिला म्हणजे धनादेश टपालाने घरी येईल अशी वाट पाहणारे लोक शेवटी सहा वर्षं घालवून बसतात. भरपाई दोन प्रकारची असते. दंड वसूल झाला तर त्यातून द्यायची, किंवा दंड न लावता कलम ३९५(३) खाली थेट आरोपीने द्यायची. दुसऱ्या प्रकाराला रकमेची वरची मर्यादा नाही, आणि ती न दिल्यास कैद ठेवता येते हे हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग (१९८८) पासून मान्य आहे. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१३) नंतर तर प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणं कोर्टावर बंधनकारकच आहे. म्हणून युक्तिवादाच्या वेळी वकिलाला भरपाईची लेखी मागणी करायला सांगा.

दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत मिळत नाही. ती मुदत संपली की शिक्षा देणाऱ्या कोर्टातच अर्ज करा: दंडातून असेल तर कलम ४६१ खाली, ३९५(३) ची असेल तर ४७१ सह ४६१ खाली. सोबत निकालाची नक्कल, अपील झालेलं नाही किंवा स्थगिती नाही हे दाखवणारा कागद, आणि मालमत्तेची यादी जोडा. या यादीवरच वसुली ठरते. ‘आरोपीची जी काही मालमत्ता असेल ती’ असं लिहिलं तर वॉरंट ‘मालमत्ता आढळली नाही’ या शेऱ्यासह परत येतं, आणि त्यात पोलिसांचा तरी काय दोष? यादीत गट क्रमांक आणि आठ-अ उतारा, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, गाडीचा नोंदणी क्रमांक, दुकान असेल तर पत्ता लिहा. धनादेशाच्या खटल्यात आरोपीचं बँक खातं तुमच्याच हातात असतं: परत आलेल्या धनादेशावर बँक, शाखा आणि खाते क्रमांक छापलेले आहेत. जमीन असेल तर अर्जात जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवायची स्पष्ट मागणी करा, नाहीतर नेहमीच्या सवयीने जंगमचं वॉरंट निघेल. जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असली तर १८९० च्या रेव्हेन्यू रिकव्हरी ॲक्टखाली एक जिल्हाधिकारी दुसऱ्याला दाखला पाठवू शकतो. वॉरंट निघाल्यावर जावक क्रमांक लिहून घ्या आणि तहसील कार्यालयाच्या वसुली शाखेत तो घेऊन स्वतः जा. पत्रव्यवहार इथेच धूळ खातो.

धनादेशाच्या खटल्यात निकालाचीही वाट पाहावी लागत नाही. धनादेशांच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम १४३अ खाली कोर्ट खटला चालू असतानाच धनादेशाच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं. ती ६० दिवसांत भरायची, आणखी ३० दिवस वाढवून मिळू शकतात, आणि न भरल्यास दंडासारखी वसूल होते. ही देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे. आरोपीने ती भरली नाही म्हणून त्याचा उलटतपासाचा हक्क मात्र काढून घेता येत नाही. शिक्षेविरुद्ध आरोपी अपिलात गेला तर त्याच कायद्याच्या कलम १४८ खाली त्याला दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के जमा करायला सांगता येतं. ती रक्कम अपील चालू असतानाच मिळावी असा अर्ज करता येतो. अपील आरोपीच्या बाजूने गेलं तर व्याजासह परत करावी लागते, हे ध्यानात ठेवून ती खर्च करा.

दंडासारखीच वसुली, पण नियम वेगळे

पोटगीची थकबाकी दंडासारखी वसूल होत असली तरी तिथे प्रत्येक महिन्याच्या थकबाकीला १ महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो. ६ वर्षांच्या हिशेबात राहिलात तर गेली. कैद भोगल्याने पोटगी फिटत नाही, हेही वेगळं सांगायला हवं. जामीनदाराचा बाँड जप्त झाला तर कलम ४९१ खाली त्याला आधी कारणे दाखवा नोटीस येते. त्या टप्प्यावर आरोपीला हजर केलं तर रकमेत सूट मिळण्याची चांगली शक्यता असते. नोटीस टाळली आणि रक्कम वसूल झाली नाही, तर जामीनदाराला ६ महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग होऊ शकतो. वाहतूक पोलिसांचं ई-चलान हे कोर्टाने सुनावलेला दंड नाही. प्रकरण कोर्टात जाऊन शिक्षा होईपर्यंत यातलं काहीही त्याला लागू होत नाही.

पैसे भरल्यावर

पैसे भरून काम संपत नाही, वॉरंट कागदावर जिवंत असतं. पावतीची प्रत जोडून कोर्टात ‘वॉरंट रद्द करून परत मागवावे’ असा अर्ज द्या. कोर्टाचं पत्र पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात पोहोचलं का ते बघा, तिथल्या आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. बोजा चढला असेल तर तो कमी करण्याचा वेगळा फेरफार तलाठ्याकडे नोंदवावा लागतो आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केल्यावरच ‘इतर हक्क’ कोरा होतो. महिनाभराने ताजा डिजिटल सहीचा सातबारा काढून तो रकाना तपासा.